कारागृहातलं आधार शिबिर: पावती मिळते, कार्ड कुठे?

तुरुंगातून सुटलेल्या माणसाला फाटकाबाहेर पहिल्याच आठवड्यात ओळखपत्र लागतं. सिमकार्ड घ्यायचं, भाड्याने खोली बघायची, सुरक्षारक्षकाची किंवा डिलिव्हरीची नोकरी धरायची, महात्मा फुले जनआरोग्य योजनेत ऑपरेशन करून घ्यायचं, बंद पडलेलं बँक खातं उघडायचं, कुठेही गेलं तरी समोरचा आधी आधार मागतो. काहींच्या बाबतीत तर सुटकाच कागदावर अडते. जामीन मंजूर होतो आणि आरोपीच्या राहण्याचा पुरावा मिळत नाही म्हणून माणूस आतच राहतो. म्हणून महाराष्ट्रातल्या मध्यवर्ती आणि जिल्हा कारागृहांत भरणाऱ्या आधार शिबिरांचं परीक्षण इथे केलं आहे. कारागृह प्रशासन, जिल्हा प्रशासन, मोफत कायदेशीर मदत देणारं जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आणि कधी एखादी सामाजिक संस्था मिळून ही शिबिरं घेतात.

मत आधी सांगतो. सेवेचा पाया भक्कम आहे. नवी नोंदणी मोफत आहे, माणसाला बंदोबस्तात बाहेर न्यावं लागत नाही आणि कागदाचा सगळ्यात मोठा अडसर नियमानेच दूर केला आहे. तरी निकाल अर्धवट मिळतो, कारण शिबिर उशिरा भरतं आणि नोंदणीची पावती दिली की काम झालं असं धरलं जातं. बंद्याच्या हातात कार्ड पडलं का, हे मोजायची पद्धत बहुतेक ठिकाणी नाही.

आता हा अडसर कसा दूर झाला ते बघू. आधारला ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा लागतो, आणि आत असलेल्या कित्येकांकडे दोन्ही नसतात. आधार प्राधिकरणाने बंद्यांसाठी कारागृहाचा दाखल-दस्त पुरावा म्हणून मान्य केला आहे. बंदी आत आला की कारागृहांच्या ई-प्रिझन्स या संगणक प्रणालीत त्याची नोंद होते, तिचाच हा छापील कागद. त्यावर तुरुंगाधिकाऱ्याची सही आणि शिक्का असला की नवी नोंदणी किंवा दुरुस्ती करता येते. घरून कुणी येत नाही, गावाचा पत्ता धूसर आहे, शाळेचा दाखला कधी नव्हताच, अशा माणसासाठी हा नियम फार मोलाचा आहे. शिबिर घेणाऱ्या प्रत्येकाने त्याची प्रत फाइलमध्ये ठेवावी, कारण नोंदणीच्या यंत्रांचं किट घेऊन येणाऱ्या ऑपरेटरला तो बऱ्याचदा माहीत नसतो आणि तो रेशनकार्ड मागत बसतो.

खरी मेहनत शिबिराच्या दिवसाआधी आहे. ती केली नाही तर दिवस वाया जातो. बराकीत जाऊन प्रत्येकाला ‘आधार आहे का?’ एवढंच विचारलं तर बहुतेक जण ‘नाही’ म्हणतात. त्या ‘नाही’चे तीन वेगळे अर्थ असतात. एकाने आयुष्यात कधी नोंदणीच केलेली नसते. दुसऱ्याने केलेली असते, पण नंबर आठवत नाही आणि कार्ड हरवलं आहे. तिसऱ्याचा नंबर घरी कुणाकडे तरी आहे, पण नाव, पत्ता किंवा मोबाइल चुकीचा आहे. या तिघांची कामं पूर्ण वेगळी आहेत. घाईत सगळ्यांना एका रांगेत बसवून नवी नोंदणी केली की दुसऱ्या गटातल्या सगळ्यांचे अर्ज फेटाळले जातात, कारण बोटांचे ठसे आणि डोळ्यांच्या बुबुळांचे नमुने जुन्या नोंदीशी जुळतात. आणि हे कळायला काही आठवडे जातात. शिबिरं निष्फळ ठरण्याचं सगळ्यात मोठं कारण आमच्या मते हेच आहे. त्यामुळे प्रश्न असा विचारावा: ‘कधी मशीनवर दहा बोटं ठेवली होती का, डोळ्यांचा फोटो काढला होता का?’ शाळेत, रेशनसाठी, गॅससाठी, गावातल्या ग्रामपंचायतीत, अशी आठवण करून दिली की माणसाला आठवतं.

या दुसऱ्या गटासाठी नोंदणी करायचीच नाही, शोध घ्यायचा. मोबाइल जोडलेला आणि चालू असेल तर नंबर घरबसल्या परत मिळतो, पण आत असलेल्या माणसाचा मोबाइल चालू असणं दुर्मीळ. ९० दिवस वापर नसलेलं सिम बंद होऊ शकतं आणि पुढे तोच नंबर दुसऱ्या ग्राहकाला जातो. म्हणजे दोन वर्षं आत काढलेल्याचा ओटीपी आज कुणा अनोळखी माणसाच्या फोनवर वाजत असतो. अशा वेळी आधार केंद्रावर नाव, लिंग, जिल्हा किंवा पिनकोड आणि बोटांचे ठसे देऊन जुना आधार शोधता येतो आणि त्याची रंगीत छापील प्रत काढता येते. या प्रतीला थोडं शुल्क पडतं. शिबिर ठरवतानाच ऑपरेटरला स्पष्ट सांगावं की शोध आणि छपाईची सोय असलेलं किट आणि रंगीत प्रिंटर हवा आहे. नोंदणीपुरतंच किट आलं तर रांगेतला मोठा भाग तसाच परत बराकीत जातो.

शुल्काचीही एक गोची आहे. नवी नोंदणी मोफत, पण मजकुरातल्या दुरुस्तीला ७५ रुपये आणि ठसे-फोटो बदलायला १२५ रुपये लागतात. आत रोकड कुणाकडेच नसते, पैसे बंद्याच्या खाजगी रोकड खात्यात जमा असतात. त्या खात्यातून रक्कम काढायला अधीक्षकांची मंजुरी लागते आणि ती शिबिराच्या सकाळी मागितली तर मिळत नाही. आठवडाभर आधी नावांची यादी देऊन मंजुरी घ्यावी. ज्यांच्या खात्यात काहीच नाही त्यांचा खर्च विधी सेवा प्राधिकरण किंवा संस्था उचलेल का, तेही आधीच ठरवावं.

अंगझडतीत गेलेली कार्डं हा वेगळाच विषय आहे. पुष्कळ जण ‘हरवलं’ म्हणतात, पण कार्ड हरवलेलं नसतं. अटकेच्या वेळी पाकीट पोलिसांनी घेतलं आणि ते अंगझडतीच्या पंचनाम्यात नोंदलं गेलं, किंवा कारागृहात दाखल होताना जमा सामानात गेलं. आधी कारागृहाच्या जमा सामानाचं रजिस्टर बघा, मग वकिलाकडून अटकेचा पंचनामा मिळवा. वस्तू पोलीस ठाण्याच्या मुद्देमालात असेल तर ती परत मिळवायला न्यायालयात अर्ज करता येतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत त्यासाठी कलम ४९७ आणि ५०३ आहेत, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ४५१ आणि ४५७ होती. गुन्ह्याशी आधारकार्डाचा काही संबंध नसेल तर हा अर्ज साधा आहे. कोठडीत असलेल्या प्रत्येकाला विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ नुसार मोफत वकील मिळतो, तेव्हा प्राधिकरणाच्या लोक अभिरक्षक कार्यालयातल्या वकिलाकडून हा अर्ज करून घ्यावा. नव्या कार्डाच्या मागे लागण्यापेक्षा हा रस्ता कित्येकदा जवळचा पडतो. आणि पाकिटातून आधारासोबत मतदार ओळखपत्र, एटीएम कार्ड, कधी मुलाच्या जन्माचा दाखलाही परत मिळतो.

नावाचा घोळ मात्र सगळ्यात चिवट आहे. दाखल-दस्तावर येणारं नाव वॉरंटवरून येतं आणि वॉरंटवरचं नाव गुन्ह्याच्या नोंदीवरून. पोलिसांनी ‘छोटू उर्फ राजू’ लिहिलं, आडनाव विचारलंच नाही, वडिलांच्या जागी मामाचं नाव आलं, की तेच पुढे सगळीकडे जातं. या दस्तावरून आधार काढला तर टोपणनावाचं सरकारी ओळखपत्र तयार होतं. आधारमध्ये नाव फक्त दोनदा बदलता येतं, जन्मतारीख आणि लिंग एकेकदा. म्हणून दाखल-दस्त छापण्याआधी बंद्याला तो वाचून दाखवावा, अक्षरं येत नसतील तर बराकीतल्या दुसऱ्याच्या नव्हे, विधी सेवा प्राधिकरणाच्या विधी स्वयंसेवकाच्या तोंडून. चूक निघाली तर ई-प्रिझन्समधली नोंद दुरुस्त करायला अधीक्षकांकडे अर्ज आणि सोबत घरून आलेला कुठलाही जुना कागद जोडावा: शाळा सोडल्याचा दाखला, जुनी शिधापत्रिका, मनरेगाचं जॉबकार्ड. काहीच नसेल तर निदान न्यायालयाच्या नोंदीत दोन्ही नावं ‘उर्फ’ने जोडून घ्यावीत. नाहीतर जामिनाचा आदेश एका नावाने आणि आधार दुसऱ्या नावाने, अशी नवीच अडचण उभी राहते आणि लिपिक बाँड स्वीकारत नाही.

पत्त्याचंही तसंच. दस्तावर घरचा पत्ता आहे की कारागृहाचा, हे बघितलंच पाहिजे. कारागृहाचा पत्ता आधारावर आला की सुटल्यावर नोकरीच्या प्रत्येक अर्जात तो दिसतो. शिवाय कार्ड टपालाने त्याच पत्त्यावर येतं आणि तोवर माणूस सुटलेला असतो. घरी स्वीकारणारं कुणी असेल तर घरचाच पत्ता द्यावा. ज्यांना घरच नाही त्यांच्यासाठी निवारागृह किंवा संस्थेशी आधी बोलून त्यांच्या पत्त्याची संमती घ्यावी. आमच्या मते शिबिराच्या तयारीत यावर सगळ्यात कमी विचार होतो.

मोबाइल नंबर कुणाचा द्यायचा? नोंदणीला तो सक्तीचा नाही, पण तो नसेल तर ई-आधार डाउनलोड होत नाही आणि सगळी भिस्त टपालावर राहते. आई, बहीण, भाऊ, ज्याच्यावर विश्वास आहे त्याचा नंबर द्यावा, एकच नंबर अनेक आधारांना चालतो. वकिलाच्या कारकुनाचा, शिपायाचा किंवा ‘काम करून देतो’ म्हणणाऱ्या एजंटचा नंबर कधीही देऊ नये. ज्याच्या फोनवर ओटीपी येतो त्याच्या हातात त्या माणसाचे बरेच व्यवहार जातात. महिला बंद्यांच्या बाबतीत जास्त सावध राहायला हवं. सासरच्या तक्रारीवरून किंवा नवऱ्याशी वाद असताना आत आलेल्या बाईचा आधार नवऱ्याच्या मोबाइलला जोडणं धोक्याचं आहे. तिलाच एकटीला विचारा, रांगेत सगळ्यांसमोर नको.

शिबिराच्या दिवशीच्या गोष्टी तांत्रिक आहेत, पण त्यांच्याशिवाय काही चालत नाही. ऑपरेटरचं नाव, किटमधल्या प्रत्येक वस्तूचा अनुक्रमांक, लॅपटॉप, ठसे घेणारं यंत्र, बुबुळ-स्कॅनर, कॅमेरा, जीपीएस आणि प्रिंटर यांची यादी अधीक्षकांना आधी द्यावी लागते, नाहीतर फाटकावर झडतीतच दुपार होते. मोबाइल आत नेता येत नाही आणि जॅमरमुळे डोंगलला रेंज मिळत नाही. न्यायालयीन पेशीसाठी असलेल्या व्हिडिओ कॉन्फरन्स खोलीत तारेची इंटरनेट जोडणी असते, तीच खोली मागावी. मात्र त्या दिवशी पेश्या किती आहेत ते बघून तारीख ठरवावी. दुपारी बराकी बंद होतात, त्यामुळे प्रत्यक्ष कामाचे तास कमी उरतात. नव्या नोंदणीला माणशी १० ते १५ मिनिटं धरली तर एका किटवर दिवसाला ३० ते ३५ जणांपेक्षा जास्त लोक घेऊ नयेत. शंभर नावांची यादी आणि एकच किट असेल तर शेवटच्या लोकांचे ठसे घाईत घेतले जातात आणि दर्जा कमी म्हणून नोंद फेटाळली जाते.

ठशांवर थोडं थांबायला हवं. कारागृहाच्या सुतारकामात, मागावर, बेकरीत किंवा स्वयंपाकघरात काम करणाऱ्यांच्या बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात. बांधकामावरून आत आलेल्यांच्याही. कोमट पाण्याने हात धुऊन पूर्ण कोरडे करावेत, फार कोरडी त्वचा असेल तर आदल्या रात्री तेल लावून सकाळी धुवावं, आणि यंत्राची काच दर दोन-तीन माणसांनंतर पुसावी. तरीही न उमटल्यास बुबुळांचे नमुने नीट घ्यावेत. एखादं बोट नसेल तर ऑपरेटरने तसा अपवाद नोंदवायचा असतो. बोट नाही म्हणून आधार नाही, असं कुणी सांगत असेल तर ते चूक आहे. पडद्यावरची माहिती शेवटी बंद्याने स्वतः बघायची असते, मराठी आणि इंग्रजी दोन्ही रकान्यांत. ‘शेख’चं ‘सेख’ आणि ‘वाघमारे’चं ‘वाघमरे’ तिथेच पकडता येतं.

मग पावती मिळते. तिच्यावर १४ आकडी नोंदणी क्रमांक आणि तारीख-वेळ असते. अर्जाची स्थिती त्यावरूनच तपासता येते, आणि बऱ्याच शिबिरांचं काम इथेच संपतं. अठरा वर्षांवरच्या नव्या नोंदणीची राज्य पातळीवर पडताळणी होते आणि आधार तयार व्हायला १८० दिवसांपर्यंत लागू शकतात. हा आकडा समोर ठेवून सुटकेआधी महिनाभर शिबिर घेणं किती अपुरं आहे ते बघा. सिद्धदोष, म्हणजे शिक्षा झालेल्या बंद्याची सुटकेची तारीख निदान आधी कळते, त्याच्यासाठी किमान सहा-आठ महिने आधी सुरुवात करता येते. पण देशातल्या बंद्यांपैकी ७५.८ टक्के न्यायाधीन, म्हणजे खटला अजून न संपलेले होते, असं २०२२ च्या राष्ट्रीय आकडेवारीत आहे. त्यांची सुटका उद्या होईल की तीन वर्षांनी, ते कुणालाच माहीत नसतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ नुसार याआधी कुठल्याच गुन्ह्यात दोषी न ठरलेल्या माणसाने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला की सुटकेचा मार्ग खुला होतो, आणि असे आदेश अचानक येतात. म्हणून आमचं ठाम म्हणणं असं की ओळखपत्राची चौकशी सुटकेच्या तयारीत नको, कारागृहात दाखल होतानाच्या वैद्यकीय तपासणीसोबत व्हावी. पहिल्याच आठवड्यात वरचे तीन गट पाडले की वर्षातून एकदा भरणारं मोठं शिबिर लागत नाही, दर महिन्याला एक किट एक दिवस आलं तरी पुरतं.

पावतीची एक प्रत बंद्याच्या फाइलला, एक घरी आणि एक विधी स्वयंसेवकाकडे हवी. बंद्याची मूळ पावती झडतीत, बराक बदलताना किंवा दुसऱ्या कारागृहात बदली होताना हरवते. स्वयंसेवकाने दर पंधरवड्याला क्रमांक टाकून स्थिती बघावी, १९४७ या मदत क्रमांकावरूनही विचारता येतं. अर्ज फेटाळला गेला असेल तर कारणासकट बंद्याला सांगावं. तो आत असतानाच दुसरा प्रयत्न झाला पाहिजे. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ प्रकल्प १९९० पासून बंद्यांसोबत काम करतो आहे. जिथे असा सातत्याने येणारा माणूस आहे तिथे पाठपुरावा होतो. जिथे नाही तिथे सचिव, जिल्हा विधी सेवा प्राधिकरण यांच्याकडे अर्ज करावा किंवा १५१०० वर फोन करावा.

जामीन होऊनही आत असलेल्यांसाठी एक वेगळी सोय आहे. सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२३ रोजी दिलेल्या निर्देशांनुसार जामीन मिळून सात दिवसांत सुटका झाली नाही तर अधीक्षकांनी विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं असतं, आणि महिनाभरात बाँड भरला गेला नाही तर न्यायालय स्वतःहून अटी शिथिल करण्याचा विचार करू शकतं. ओळखपत्र नाही हेच कारण असेल तर ते अर्जात स्पष्ट लिहावं, आधारची पावती आणि दाखल-दस्त जोडावा आणि वैयक्तिक बाँडवर, म्हणजे जामीनदाराशिवाय स्वतःच्या हमीवर सुटका मागावी. पैशाअभावी अडलेल्यांना केंद्राच्या गरीब बंदी साहाय्य योजनेतून जामिनासाठी न्यायाधीनांना आणि दंडासाठी सिद्धदोषांना २५,००० रुपयांपर्यंत मदत मिळू शकते. पण हे पैसे मंजूर झाले तरी माणसाची ओळख पटवणारा कागद वेगळा लागतोच.

मतदार ओळखपत्राबद्दल गैरसमज फार आहेत. तुरुंगात असताना मतदान करता येत नाही, हे खरं. पण त्यामुळे यादीतलं नाव जात नाही, आणि कारागृह हे त्या माणसाचं नेहमीचं राहण्याचं ठिकाण मानलं जात नाही. कार्ड हरवलं असेल किंवा पत्ता बदलायचा असेल तर घरच्या मतदारसंघात निवडणूक आयोगाचा अर्ज नमुना ८ भरावा, नाव कधीच नसेल तर नमुना ६.

आईसोबत आत राहणाऱ्या मुलांना शिबिराच्या यादीत हमखास विसरलं जातं. मूल सहा वर्षांचं होईपर्यंत आईजवळ राहू शकतं. पाच वर्षांखालच्या मुलाचे ठसे घेत नाहीत, पण जन्माचा दाखला आणि आईचा किंवा वडिलांचा आधार लागतो. म्हणजे आईचं काम आधी. आत जन्मलेल्या बाळाच्या दाखल्यावर जन्मस्थान म्हणून तुरुंग लिहू नये, त्या परिसराचा पत्ता लिहावा, हे सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्येच सांगितलं आहे. दाखला हातात आला की ती ओळ तपासा.

बँक खात्यासाठी आधारची वाट बघायची गरज नाही, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. रिझर्व्ह बँकेच्या केवायसी नियमांत लहान खात्याची सोय आहे. बंद्याने कारागृहाच्या प्रभारी अधिकाऱ्यासमोर सही किंवा अंगठा करायचा, अधिकाऱ्याने तो प्रमाणित करायचा, सोबत एक फोटो. या खात्यात वर्षाला १ लाखापर्यंत जमा, महिन्याला १०,००० पर्यंत काढणं आणि कुठल्याही वेळी ५०,००० पर्यंत शिल्लक चालते. कारागृहातल्या कामाची मजुरी साठवायला आणि सुटल्यावरचे पहिले दोन-तीन महिने ढकलायला हे पुरतं. शाखेत हा नियम माहीत नसेल तर व्यवस्थापकाला परिपत्रकाची प्रत दाखवून लेखी उत्तर मागावं. खातं सुरुवातीला १२ महिन्यांसाठी असतं. या काळात अधिकृत ओळखपत्रासाठी अर्ज केल्याचा पुरावा दिला की आणखी १२ महिने मिळतात, आणि आधारची ती नोंदणी पावती तिथे पुरावा म्हणून दाखवता येते.